नळीवरचा तांबूस डाग

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीत, पेनांच्या डब्याशेजारी, बांगडीएवढी एक काचेची कडी ठेवलेली आहे. काच म्हणावी तर ती नितळ नाही, आतून तांबूस डागाळलेली आहे. नव्या माणसाला वाटते, कोणीतरी ही टाकून द्यायला विसरले. ती कडी म्हणजे मी. एके काळी मी माणसाच्या उंचीची सरळसोट नळी होते, आता एवढीशी उरले आहे. कशी उरले आणि कोणासाठी उरले, तेच तुम्हाला सांगायचे आहे. माझा स्वभाव काळजीचा आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्याला एका धक्क्याने होत्याचे नव्हते होण्याची भीती असते, त्याने काळजी करायची नाही तर कोणी करायची?

माझा जन्म आगीतला. निवडलेल्या पांढऱ्याशुभ्र वाळूला इतकी धग दिली की तिचे पाणी झाले, आणि ते ओढून ओढून एका कारागिराने मला घडवले. खिडकीच्या तावदानाची साधी काच मी नव्हे. मी क्वार्ट्झची. साधी काच जिथे मेणासारखी वाकते, तिथे मी ताठ राहते. मला उजेडात धरून कारागीर म्हणाला, "लोखंड लाल होईल तिथेसुद्धा ही हसत राहील." मी मनात म्हटले, हसण्याचे पुढचे पुढे बघू, आधी मला खाली ठेव, तुझे हात घामाने ओले आहेत. मग मला गवतात गुंडाळून लांबलचक खोक्यात घातले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'सांभाळून' असे लिहिले होते. ज्यांनी ते वाचायचे, त्यांनी काही ते वाचले नाही. सगळा रस्ता मी जीव मुठीत धरून काढला.

मी जिथे आले ती एक अरुंद, लांबट खोली होती. भिंतीला साखळीने बांधलेले वायूचे सिलिंडर, वर गरगरणारा धूर ओढायचा पंखा, सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर भट्टी. लोहाराची असते तशी भट्टी नव्हे. ही एक जाडजूड पेटी होती, आत विजेच्या तारांची वेटोळी आणि मधोमध आरपार भोक. त्या भोकात मला सरकवले. मधला भाग भट्टीत, दोन्ही टोके बाहेर, आणि दोन्ही तोंडांना बुचे. एका तोंडातून वायू आत यायचा, दुसऱ्या तोंडातून बाहेर जायचा. मी म्हणजे सगळे पोटच, त्यामुळे जे काही घडायचे ते माझ्या पोटातच घडायचे.

त्या भट्टीचे पहिले धनी थोरले सर. त्यांना लोखंडाचा नाद होता. लोखंडाच्या एका क्षाराची चिमूट ते माझ्या तोंडाशी ठेवायचे, तिला हलकी ऊब द्यायचे आणि तिची वाफ माझ्या तापलेल्या पोटात जाऊ द्यायचे. पाठोपाठ सोडायचे हायड्रोकार्बन वायू. हा वायू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची घट्ट बांधलेली गाठ. माझ्या पोटातल्या धगीने ती गाठ सुटते. हायड्रोजन निघून जातो, कार्बन मागे राहतो आणि राहायला जागा शोधू लागतो. लोखंडाचा अगदी बारीक कण भेटला की तो त्यात शिरतो. कण भरून ओसंडला की ट्यूबमधून पेस्ट यावी तसा कार्बन दुसऱ्या बाजूने बाहेर येतो, धागा होऊन. असे असंख्य धागे दाटीवाटीने उभे राहिले की आत ठेवलेल्या पट्टीवर काळी मखमल पसरल्यासारखी दिसते. त्यातला एक धागा तुमच्या डोक्यावरच्या केसाशेजारी ठेवला तर तुमचा केस झाडाच्या खोडाएवढा भासेल. तरीही प्रयोगशाळेत सगळे त्या धाग्यांना 'केस'च म्हणायचे.

काम झाले की माझ्या आत काजळी उरे. थोरले सर मी गरम असतानाच वायू बंद करून आतला सगळा वायू हुसकून लावत, आणि मग साधी हवा सोडत. काजळी जळून जाई. याला ते 'नळीला श्वास देणे' म्हणत. पण पाणी नाही, ॲसिड नाही, ब्रश नाही. त्यांचा नियम एकच होता, "नळी धुवायची नाही." का, असे कोणी विचारले की ते चष्मा पुसायला घेत आणि चष्मा पुसून होईपर्यंत विचारणारा कंटाळून निघून जाई. काजळी जळते, लोखंड मात्र जळत नाही. वर्षानुवर्षे ते माझ्या आतल्या अंगाला बसत गेले, कपाला चहाचा बसतो तसे. तांबूस, पुसट. मला त्या डागाची लाज वाटायची. थोरल्या सरांना वाटत नसावी.

एक दिवस ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्यावर बोटाच्या पेराने टकटक केले आणि म्हणाले, "बरंय, येतो." त्यांचा नियम मागे राहिला. नियमाचे कारण त्यांच्याबरोबर गेले.

मग आली काजळताई. हे तिचे खरे नाव नव्हे. बोटांना, नाकाच्या शेंड्याला, कधी कानालाही काजळी लागलेली असायची, म्हणून शेजारच्या मुलींनी पाडलेले नाव. तिचे मार्गदर्शक होते घाईसर. ते नेहमी एक बाही घातलेली आणि दुसरी लोंबती अशा कोटात धावत यायचे आणि वाक्य अर्धे टाकून धावत जायचे. माणूस वाईट नव्हता. दुसरी बाही घालायला त्यांना वेळ मिळाला असता तर पुढचे बरेच टळले असते.

काजळताईच्या डोक्यात एक वेगळेच खूळ होते. केस वाढायला धातूचा कण लागतो हे सगळ्यांनाच माहीत होते. पण तो कण नंतर केसांत अडकून राहतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात. तिला वाटे, धातूशिवायच केस उगवले तर? म्हणून तिने एक कोरी करकरीत पट्टी घेतली, चिमुकल्या चिनीमातीच्या होडीत ठेवली आणि ती होडी माझ्या पोटात सरकवली. आधी तिने एक शांत, निष्क्रिय वायू सोडला, जो कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग भट्टी लाल झाली. मग हायड्रोकार्बन. ती स्टुलावर बसून नखे खात होती. मी गार झाल्यावर तिने होडी बाहेर ओढली, आणि पट्टीवर काळी मखमल होती.

ती खोलीभर नाचली. मित्रांनो, मला मात्र धडकी भरली.

कारण मला ठाऊक होते. पट्टी कोरी होती, पण मी कोरी नव्हते. थोरल्या सरांचे लोखंड माझ्या अंगातून कणाकणाने सुटून वायूबरोबर वाहत त्या पट्टीवर जाऊन बसले होते. ते कण इतके बारीक की मोठ्या सूक्ष्मदर्शकाखालीही कार्बनच्या घड्यांत दडून राहत. मला ओरडून सांगावेसे वाटले, अगं बाई, थांब, हे माझे आहे! पण काचेला बोलायचा एकच मार्ग असतो, तडा जाणे. तडा गेला की सांगणारीच संपली.

तिने पुन्हा केले, पुन्हा उगवले. दर वेळी उगवले. घाईसरांनी पाठ थोपटली. तिच्या कामाची चित्रे बाहेरच्या सभांमध्ये दाखवली गेली. लोक खोलीत येऊन माझ्याकडे बघून जात. "हीच का ती भट्टी?" असे विचारत. इतके कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते, आणि एकेका शब्दासरशी माझा जीव आणखी टांगणीला लागत होता. पोर उंच चढत चालली होती आणि शिडी माझ्या डागावर टेकलेली होती.

तिची आई घरी शिवणकाम करायची. दुपारी तिचा फोन येई. काजळताईच्या हातात मोजे असत, म्हणून ती फोन ओट्यावर ठेवून मोठ्याने बोले आणि मलाही सगळे ऐकू येई.

"उगवले का गं?"

"उगवले, आई!"

"मग थोडे बाबांसाठी घेऊन ये. त्यांच्या डोक्यावर जागाच जागा आहे."

मागून बाबांचे खाकरणे ऐकू येई आणि दोघी खो खो हसत. त्या हसण्याने मलाही घटकाभर बरे वाटे.

शेवटी तिचा प्रबंध लिहून झाला. परीक्षा घ्यायला दुसऱ्या विद्यापीठातून एक वयस्कर बाई येणार होत्या. त्यांनी कळवले की नुसती चित्रे पाहून माझे समाधान होणार नाही, केस उगवताना मी स्वतः बघेन. घाईसर म्हणाले, "उत्तम! दाखव की. त्यात काय..." आणि वाक्य टाकून गेले.

पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही घरात काय करता? आवरता, पुसता, पडदे बदलता. काजळताईने तेच केले. ओटा घासला, सिलिंडरच्या साखळ्यांना तेल दिले, आणि मग तिची नजर माझ्यावर गेली. "किती गं डागाळलीस," ती मायेने म्हणाली. "पाहुण्या बाई काय म्हणतील?" तिला नियम माहीत होता. पण कारण माहीत नसलेला नियम पाहुण्यांपुढे किती टिकणार? तिने मला भट्टीतून हलकेच बाहेर काढले, लांब काठीच्या टोकाला मऊ फडके बांधले, ते ॲसिडमध्ये बुडवले आणि माझ्या मागच्या तोंडातून आत घालून घासायला सुरुवात केली.

मित्रांनो, ते ॲसिड मला झोंबले नाही. ती ज्या प्रेमाने घासत होती ते झोंबले. फडके मागेपुढे होई आणि तांबूस पाणी खाली ठिबके. तिच्या कामाचा प्राण त्या बादलीत चालला होता आणि ती गुणगुणत होती. मधला सगळा डाग गेला. काठी पुढच्या तोंडापर्यंत पोचत नव्हती, म्हणून तिथला एक पट्टा तेवढा राहिला. तो भट्टीच्या बाहेर, बुचाच्या आड राहणारा भाग, म्हणून तिकडे तिचे लक्ष गेले नाही. काम संपल्यावर ती मागे सरकून बघत म्हणाली, "आता कशी नव्यासारखी दिसतेस!"

दुसऱ्या दिवशी काहीच उगवले नाही.

पट्टी गेली तशी परत आली, कोरी. तिला वाटले, वायू संपत आला असेल. नवा सिलिंडर जोडला. नाही उगवले. आच वाढवली, कमी केली. वायू जास्त सोडला, बेताने सोडला. पट्ट्या बदलल्या. बुचे बदलली. कधी नुसती काजळी यायची, कधी तीही नाही. तिचे जेवणाकडे लक्ष राहिले नाही. डबा ओट्याच्या कोपऱ्यात तसाच बंद असे. फोन वाजला की ती "नंतर करते" एवढेच म्हणे, आणि आईचा "अगं पण" मध्येच तुटे. परीक्षेचा दिवस जवळ येत होता आणि भट्टी आणि मी रोज लाल होऊन रोज रिकाम्या हाताने गार होत होतो.

मग कुजबुज सुरू झाली. शेजारच्या खोलीत मिशीवाले म्हणून एक संशोधक होते. दाराशी चहा पिता पिता ते कोणालातरी म्हणाले, "आधी रोज उगवत होते आणि आता बघायला माणूस येणार म्हटल्यावर बंद? सरळ आहे. चोरून चिमूटभर लोखंड टाकत असणार." दार अर्धवट उघडे होते. काजळताईच्या हातातली होडी खाली पडून फुटली. तिने खाली वाकून एकेक तुकडा गोळा केला. प्रयोग फसला तर माणूस पुन्हा करतो. पण ही खोटारडी आहे असे एकदा ठरले, तर पुढे तिने काहीही उगवून दाखवले तरी कोण मानणार होते? आणि ती खोटे बोललेली नाही, हे तिच्याखेरीज जगात फक्त मला माहीत होते. तोंडे दोन दोन असून मला एक शब्द काढता येत नव्हता.

घाईसरांनी माझ्यावर बोट ठेवले. "नळीच म्हातारी झाली. नवी मागव." नवी आली. माझ्या मापाची मिळाली नाही, एक माप रुंद आली. नितळ, चकचकीत, तोऱ्यात. मला कपाटामागच्या कोपऱ्यात उभे केले. शेजारी फुटक्या काचेची पेटी होती. त्या पेटीतून परत आलेले मी कोणाला पाहिले नव्हते. पण खरे सांगते, तेव्हा मला स्वतःची फारशी काळजी उरली नव्हती. मी नव्या नळीकडे बघत होते. तिच्यातही काही उगवले नाही. बिचारी गोंधळून गेली होती. तिचा काय दोष, तिच्या अंगाला अजून काही लागलेच नव्हते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी काजळताई खुर्चीत नुसती बसून होती. समोरच्या भिंतीवर तिच्या जुन्या कामाचा एक फोटो लावलेला होता, भट्टी उघडी आणि मी आत. ती कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. मग उठून कपाटामागे आली, मला उचलले आणि खिडकीत उजेडाला धरले. मधे मी पांढरी होते. फोटोत तांबूस होते. तिने मला हळूहळू फिरवले, आणि पुढच्या तोंडाशी राहून गेलेला तो पट्टा तिला दिसला.

ती श्वास घ्यायला विसरली. मीही विसरले असते, मला येत असता तर.

लोखंड ओळखायचे एक द्रावण असते. डागाचा कण ॲसिडमध्ये विरघळवून त्यावर त्या द्रावणाचा थेंब टाकला आणि लोखंड असले, तर सगळे लालभडक होते. तिने पट्ट्याच्या कडेला काडीने किंचित पुसून घेतले आणि थेंब टाकला. लालभडक झाले. काजळताई तिथेच जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी तिने डोके धरले.

घाईसर नेमके तेव्हाच आले. तिने सगळे सांगितले. या वेळी त्यांनी वाक्य अर्धे टाकले नाही. "हे उद्या सांगायचं नाही." मग समोर उकिडवे बसून, आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, भट्टी बिघडलीये म्हणू. चित्रं आहेत, आकडे आहेत. पदवी पदरात पाडून घे, मग काय ती दुरुस्ती छाप. तुझ्या भल्याचं सांगतोय." ते खरोखर तिच्या भल्याचेच सांगत होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ते गेल्यावर तिने फोन लावला. या वेळी हातात मोजे नव्हते, तरी तिने फोन ओट्यावरच ठेवला.

"आई, मी चुकले. धातूशिवाय काही उगवलंच नव्हतं. लोखंड होतं आत, जुनं. मला कळलंच नाही."

पलीकडे शिवणयंत्र थांबले. "चुकलीस ना? खोटं नाही ना बोललीस?"

"नाही गं. पण उद्या गप्प बसले तर बोलल्यासारखंच होईल."

"मग रडतेस कशाला? ठरलंय की तुझं."

"नापास झाले तर?"

"तर घरी ये. बाबांनी काय केस नाहीत म्हणून घर सोडलंय?"

ती रडता रडता हसली. मी कपाटाला टेकून उभी होते. तिने मला उचलले, आणि फुटक्या काचेच्या पेटीत न ठेवता ओट्यावर आडवे ठेवले.

सकाळी परीक्षक बाई आल्या. लहान चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, चपलांचा आवाज न करणाऱ्या. घाईसर दोन्ही बाह्या घालून उभे होते. दाराशी मिशीवालेही होते. काजळताईने प्रबंध उघडलाच नाही. ती म्हणाली, "बाई, माझ्या प्रबंधाचं नावच चुकलंय. धातूशिवाय केस उगवत नाहीत. मला उगवले ते या जुन्या नळीच्या डागामुळे. मी ती धुतली आणि सगळं थांबलं." घाईसरांनी डोळे मिटून घेतले.

बाई म्हणाल्या, "हे तुला वाटतं, की माहीत आहे?"

"डागात लोखंड आहे हे माहीत आहे. त्यानेच उगवलं हे अजून दाखवलेलं नाही."

"मग दाखव. मी बसते." आणि त्या तिच्याच स्टुलावर बसल्या.

पण दाखवणार कसे? डागाचा पट्टा माझ्या तोंडाशी होता आणि आच माझ्या मधोमध. तोंड भट्टीत घालावे तर बूच जळणार. काजळताई माझ्याकडे बघत राहिली, मग नव्या रुंद नळीकडे. मला तिच्या मनातले तिच्या आधी कळले. ती म्हणाली, "एवढा पट्टा कापून नव्या नळीत ठेवला तर?"

काचकाम करणाऱ्या काकांना बोलावले. त्यांनी मला फिरवून बघितले. "जुनी आहे. इतकी वर्षं तापून निवून आतून कमकुवत झालेली असते. उभी चिरली तर पट्टाही जाईल. माझ्यावर येऊ देऊ नका." काजळताई म्हणाली, "नाही येऊ देणार, काका." तिने माझे एक टोक स्वतः धरले. त्या हातांनीच मला धुतले होते. काकांनी हिऱ्याची चकती सुरू केली, पाणी सोडले. मित्रांनो, जन्मभर ज्या गोष्टीला भ्याले ती अखेर समोर आली होती, आणि मी एकच धावा करत होते, चिरायचेच असेल तर सरळ चीर, वेडीवाकडी नको. चकती लागली. सगळे अंग झणझणले. मग एक हलकासा 'टक्' झाला, आणि मी दोन झाले.

मोठा तुकडा कडेला ठेवला. मी या छोट्या कडीत राहिले. डाग जिथे, तिथे मी.

मला वाळवून नव्या नळीत ठेवले, आणि माझ्या मागे कोरी पट्टी. पुन्हा तो शांत वायू, पुन्हा धग. किती काळाने मला खरी आच लागत होती! मग हायड्रोकार्बन आला आणि गाठी सुटू लागल्या. माझ्या अंगातून कण सुटत आहेत की नाही, मला कळेना. इतकी वर्षे ते माझ्या इच्छेविरुद्ध सुटले होते. आज मी म्हणत होते, सुटा रे, सुटा. बाहेर काजळताई नखे खात होती. बाईंनी तिला एकदा "खाऊ नको" म्हटले आणि थोड्या वेळाने स्वतःच अंगठ्याचे नख दातांत धरले. भट्टी बंद झाली. गार व्हायला जो वेळ लागतो तो घाईसरांनासुद्धा कमी करता येत नाही.

तिने होडी बाहेर ओढली. पट्टी काळीभोर होती. मखमल.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिशीवाले दोन पावले आत आले आणि घसा साफ करत म्हणाले, "मी तुझ्याबद्दल जे बोललो होतो..."

"तुमचं बरोबरच होतं," काजळताई म्हणाली. "लोखंड होतंच. फक्त मी टाकलं नव्हतं."

बाईंनी पट्टी उजेडाला धरून पाहिली. म्हणाल्या, "आज तुला पास करता येणार नाही. नाव बदल. 'धातूशिवाय' खोड. सगळं पुन्हा कर, दर वेळी नवी नळी घेऊन." मग पट्टी परत देताना त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आज मी केस बघायला आले होते. माणूस बघून चालले. लवकर बोलाव मला."

संध्याकाळच्या आत फोन झाला. "आई, पास नाही झाले. पण केस आले." पलीकडून या वेळी बाबांचाच आवाज आला, "माझे राखून ठेव."

काजळताईला आणखी बरेच दिवस राबावे लागले. दुसऱ्या वेळी बाईंनी तिला पास केले. आता ती स्वतः शिकवते. मी इथे खिडकीत असते. नवी मुले आली की ती मला त्यांच्या हातात देते आणि आपली फजिती पहिल्यापासून सांगते, आणि प्रत्येक नियमामागे 'कारण' हा शब्द जोडते. एखाद्या नियमाचे कारण तिला माहीत नसले, तर ती तसे सांगते आणि मुलांनाच शोधायला लावते.

मित्रांनो, टाकून दिलेल्या वस्तू तुमच्याकडे माया मागतात. मला माया भरपूर मिळाली. मी तुमच्याकडे जरा वेगळे मागते. एखादी जुनी वस्तू, एखादे जुने माणूस स्वच्छ करायला, सुधारायला, नव्यासारखे करायला हात पुढे कराल, तेव्हा आधी थोडे थांबा. हा डाग इथे कशाने आला आणि इथे काय करतो, ते विचारा. आणि तुम्ही थोरले असाल, तर जाण्याआधी नुसते टकटक करू नका. सांगून जा.

माझी काळजी अजून गेलेली नाही. दर आठवड्याला काजळताई ओले फडके घेऊन खिडकीशी येते आणि माझ्या काळजाचा ठोका चुकतो. ती मला उचलते, खालची धूळ पुसते, क्षणभर उजेडाला धरते, आणि न पुसता परत ठेवते.